कपाटातली जुनी पर्स फेकण्याआधी



पोलादपूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तिच्या सासूबाईंची चामड्याची पर्स आता तिच्याकडे आली आहे. सासरे कुवेतला नोकरीला होते, तेव्हा त्यांनी ती आणली होती. तपकिरी रंग, पितळी कडी, आत दोन कप्पे. यंदा पावसात कपाट उघडले तर पर्सवर पांढरी बुरशी आणि कोंदट वास. घरातले म्हणतात, फेकून दे. शेजारीण म्हणते, साबणाच्या पाण्यात धू. नणंद म्हणते, खोबरेल चोळ. "मी काय करू?" असे तिने विचारले आहे.

या तिघांपैकी कोणाचेच ऐकू नका, एवढे आधी सांगते. पर्स बहुधा वाचेल. मात्र तिला चार-पाच दिवस द्यावे लागतील.

महाड-पोलादपूर भागातील पुष्कळ घरांत अशी एखादी वस्तू असतेच. १९७० नंतर आपले वडील, चुलते, मामू आखातात गेले आणि सुट्टीवर येताना घड्याळ, अत्तर, कपड्यांबरोबर आई-खालांसाठी पर्सही घेऊन आले. कोणी मुंबईहून, धारावीच्या चामडे बाजारातून घेतली. या पर्स खऱ्या चामड्याच्या आणि दुहेरी शिलाईच्या आहेत. आज दुकानात जी पर्स घेतो, ती दोन पावसाळ्यांत सोलवटते. म्हणून जुनी वस्तू नीट करून वापरणे हा नुसता आठवणींचा प्रश्न नाही, इस्राफ टाळण्याचाही आहे.

आधी ओळख पटवा

पर्स चामड्याची आहे की रेक्झिनची, हे पहिल्यांदा बघा. कप्प्याच्या आतली किंवा पट्ट्याची कापलेली कड भिंगाखाली धरा. चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. रेक्झिनला मागे कापडाची जाळी असते आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. पर्सचे पापुद्रे निघत असतील तर ते रेक्झिन किंवा चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पत्रा असतो. त्यावर कोणताही उपाय टिकत नाही, त्यात पैसे घालू नका. काडेपेटीने जाळून बघण्याचा सल्ला लोक देतात, तो मुळीच ऐकू नका.

चामडे असेल तर ते कोणत्या प्रकारचे हे पाहा. तळाच्या कोपऱ्यात, जिथे दिसणार नाही तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा थर आहे. अशी पर्स साफ करणे सोपे. थेंब आत मुरून डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे, तिथे पाणी अगदी बेताने वापरायचे. सुएड म्हणजे मखमलीसारखी लव असलेले चामडे, त्याला पाणी लावूच नये. फक्त कोरडा मऊ ब्रश.

साबण आणि खोबरेल का नको

कच्चे कातडे कुजते. ते टिकाऊ करण्याच्या कामाला मराठीत चामडे 'कमावणे' म्हणतात, उर्दूत दबागत. आपल्याकडे हे काम पूर्वी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांवर चाले. हिरड्याची झाडे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरकडे जाताना आजही दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांची पद्धत आली आणि आज बहुतेक पर्स त्याच पद्धतीच्या चामड्याच्या असतात.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे: तयार चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि त्याच्या तंतूंत थोडे तेल मुरवलेले असते. कपड्याचा साबण, सोडा, भांड्याची पावडर हे सगळे अल्कधर्मी. ते तेल ओढून काढतात, कमावण्याचे द्रव्यही सैल करतात. धुतल्या दिवशी पर्स स्वच्छ दिसते. सुकली की कडक होते, मग घडीवर चिरते. सातवी-आठवीतल्या मुलांना आपण लिटमस कागद दाखवतो, तोच धडा इथे आहे.

खोबरेल तेलाने चामडे काळपट पडते. ते सगळीकडे सारखे मुरत नाही, थंडीत थिजते, काही दिवसांनी खवट वास मारते आणि त्यावर धूळ चिकटते. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेलही त्याच कारणाने नको.

बुरशी काढण्याची रीत

हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती नव्वदच्या घरात जाते. म्हणजे दोष पर्सचाही नाही आणि तुमच्या टापटिपीचाही नाही.

१. पर्स पूर्ण रिकामी करा. प्रत्येक कप्पा, अस्तराची फाटलेली शिवणसुद्धा तपासा. जुनी चिठ्ठी, रसीद, निकाहनाम्याची नक्कल सापडली तर ती लगेच ओढू नका. दमट कागद फाटतो. पर्स उघडी ठेवून एक दिवस सावलीत राहू द्या, मग अलगद सोडवा.

२. बुरशी घरात झटकू नका. पडवीत किंवा गच्चीवर जा, मास्क लावा, मऊ ब्रशने एकाच दिशेने काढा. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. नंतर तो ब्रश धुऊन उन्हात ठेवा.

३. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपाइल हे साफसफाईचे स्पिरिट आणि पाणी समान घ्या. सुती फडके त्यात बुडवून घट्ट पिळा. आधी लपलेल्या कोपऱ्यात पुसून बघा. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबा. उतरला नाही तर सगळीकडे हलका हात फिरवा. हे मिश्रण पेट घेते, चुलीजवळ नको.

४. तरी मळ राहिला तर अर्धा लिटर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब फेसाळा. पाणी नाही, फक्त फेस फडक्यावर घ्या आणि पुसा. लगेच साध्या ओलसर फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसा.

५. आत कोरे पांढरे कागद किंवा जुना सुती दुपट्टा भरून आकार द्या आणि पंख्याखाली सावलीत दोन दिवस ठेवा. वर्तमानपत्र भरू नका, त्याची शाई अस्तराला लागते.

६. पूर्ण सुकल्यावर चामड्याचे कंडिशनर किंवा बिनरंगी शू क्रीम वाटाण्याएवढे फडक्यावर घेऊन गोलाकार चोळा. जास्तीचे अर्ध्या तासाने पुसून टाका. रंगीत बूटपॉलिश नको, ते कपड्यांना लागते.

वास राहिला तर वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळशाचे तुकडे ठेवून ती वाटी आणि पर्स एका झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. सोडा चामड्याला लागू देऊ नका. वर अत्तर शिंपडून वास झाकू नये, डाग पडतो.

पितळ, चेन आणि शिलाई

कडीभोवती हिरवा मेणासारखा थर दिसतो, तो चामड्यातील तेल आणि पितळेतील तांबे यांच्या संयोगाने तयार होतो. लाकडी टूथपिकने खरवडून कोरड्या कापसाने पुसा. चिंच-लिंबाने पितळ चकाकते, पण ते शेजारच्या चामड्यावर उतरते आणि डाग जात नाही. धातूची चेन अडकत असेल तर दातांवर पेन्सिलचे शिसे किंवा मेणबत्ती घासा.

शिलाई उसवली असेल तर घरच्या मशीनवर घालू नका. सुई नवी भोके पाडते आणि जुने चामडे त्या ओळीवर फाटते. बाजारपेठेत चप्पल-बूट शिवणारे कारागीर आरीने जुन्याच भोकांतून मेणाचा दोरा ओढून देतात. त्यांना आधीच सांगा: फक्त शिलाई करा, पॉलिश नको. अस्तर चिकट झाले असेल तर ते प्लॅस्टिकच्या थराचे विघटन आहे, पुसून जात नाही. ते काढून शिंप्याकडून सुती अस्तर बसवून घ्या.

पुराचे पाणी लागले असेल तर

२२ जुलै २०२१ च्या रात्रीचा पूर महाडकर विसरलेले नाहीत. सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. माणसे गेली, तिथे पर्सचे काय, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण नंतरच्या दिवसांत चिखलाने भरलेले सामान रस्त्यावर ढिगाने पडले होते, त्यात वाचवता येण्यासारखेही बरेच असणार. पूर पुन्हा येऊ शकतो, म्हणून लिहून ठेवते.

पुराच्या पाण्यात गटारही मिसळलेले असते आणि लेप्टोची भीती असते, म्हणून हातमोजे घाला. चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने हलका ओघळवून काढा, घासू नका. टॉवेलने टिपा. आत पांढरे कागद भरा आणि पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी बदला. मग सावलीत, वारा लागेल असे ठेवा.

इथेच बहुतेक पर्स मरतात. पाण्याने नाही, घाईने. ओले चामडे उन्हात, चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली ठेवले की त्याचे तंतू आकसतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. क्रोमच्या ओल्या चामड्याला उकळत्या पाण्याच्या आसपासची उष्णता सोसते, सालीवर कमावलेल्याला साधारण ७० ते ८५ अंश. पण म्हातारे झालेले चामडे याच्या कितीतरी खालीच आकसू लागते. आणि आपल्या पर्स म्हाताऱ्याच आहेत.

जिथे थांबावे

फार जुन्या, सालीवर कमावलेल्या चामड्याची कधी कधी लालसर भुकटी होते. हात लावला की बोटे तांबडी होतात. त्यावर पाणी किंवा तेल लावले तर ते काळे पडून कडक होते. असे चामडे पूर्वस्थितीत येत नाही. सुती कापडात गुंडाळून आठवण म्हणून ठेवा, वापरू नका.

दुसरा प्रश्न आपल्या घरांत हमखास विचारला जातो: परदेशी पर्स डुकराच्या कातड्याची तर नाही? त्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटाने, त्रिकोणात दिसतात. अस्तर आणि आतले कप्पेही भिंगाने तपासा, कारण बाहेर गाईचे आणि आत डुकराचे असे असू शकते. वर रंगाचा जाड थर असेल तर नुसत्या नजरेने खात्री होत नाही, लेबल पाहा. दबागतीने कातडे पाक होते, पण डुकराचे कातडे या नियमाबाहेर आहे, हे शाफई आणि हनफी दोन्ही मसलकांत मान्य आहे. शंका राहिली तर आपल्या मौलानांना विचारावे. माझे काम फक्त छिद्रे कशी ओळखायची ते सांगण्याचे.

वर्षभराची काळजी

पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल कोंडते. जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. खुंटीला टांगू नका, पट्टा ताणतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. मे महिन्यात एकदा क्रीम लावून पुसून ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पंख्याखाली तासभर ठेवा. ऑक्टोबरात पुन्हा पुसा. आणि सर्वात चांगले म्हणजे ती वापरा. हातात फिरणाऱ्या पर्सला हवा लागते, कपाटात कोंडलेलीला बुरशी.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एकच विनंती: पर्समध्ये सापडलेले कागद सुकले की आधी सासूबाईंना दाखव, मग पर्स साफ करायला घे. कोणती रसीद कशाची, कोणती चिठ्ठी कोणाची हे त्यांनाच माहीत असणार, आणि ते विचारून लिहून ठेवायला हीच वेळ आहे.

पुढील अंकात इन्शाअल्लाह तांब्या-पितळेची भांडी आणि कल्हई. तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे मासिकाच्या पत्त्यावर पाठवा.