ऑलिव्हच्या गावाला हंगामात जा

ग्रीसला जाणारी आपली मंडळी अथेन्स बघतात, सॅन्टोरिनीच्या पांढऱ्या घरांपुढे फोटो काढतात आणि परततात. माझं ऐका, त्यातला एखादा दिवस वाचवा आणि क्रीट बेटावरच्या वूव्हेस गावाला जा. हान्या शहराच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर हे खेडं आहे.

तिथलं ऑलिव्हचं झाड किमान 2000 वर्षांचं मानतात. नेमकं वय कुणालाच सांगता येत नाही, कारण खोड आतून पोकळ झालंय, वर्तुळं मोजायची कुठे? घेर साडेबारा मीटर, आणि सालीला दोरखंडासारखा पीळ. त्याला अजून फळं धरतात. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये विजेत्यांच्या मुकुटांसाठी याच्या डहाळ्या नेल्या होत्या. कोकणातल्या माणसाने बुंधा जरा निरखून बघावा: रायवळावर हापूस बांधतात तसं इथे रानटी ऑलिव्हवर त्सुनाती जातीचं कलम केलंय. शेजारी छोटं संग्रहालय आहे, ते अर्ध्या तासात होतं.

पण उन्हाळ्यात गेलात तर झाड आणि ऊन, एवढंच पदरी पडेल. नोव्हेंबर ते जानेवारी हा काढणीचा काळ. झाडांखाली जाळी अंथरलेली असतात, फांद्या झोडपल्या की फळं सरीसारखी खाली येतात. पोती भरून थेट घाण्यावर. घाणा म्हणजे बैलाचा नव्हे, यंत्रांचा. आधी विचारून आत जा. ताजं तेल हिरवट असतं. पावाला लावून खाल्लं की घशाशी ठसका लागतो. तेल खराब नाही, चांगल्या ताज्या तेलाची ती खूणच. झाडावरचं फळ मात्र तोडून तोंडात टाकू नका. मालकाची परवानगी हा एक भाग झाला. शिवाय ते इतकं कडू असतं की चारचौघांत थुंकावं लागेल. मिठाच्या पाण्यात मुरल्यावरच ते खाण्याजोगं होतं.

हिवाळ्यात पाऊस असतो, किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद असतात, म्हणून मुक्काम हान्यात करा. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. तेल घ्याल ते पत्र्याच्या डब्यात, काढणीचं साल बघून. आणि डबा सामानाच्या बॅगेत ठेवा. हातातल्या पिशवीत ठेवलात तर विमानतळावरच सोडून यावा लागेल.