नशेचा निषेध योग्यच, पण वेदनेचे काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा उद्ध्वस्त केला. दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. हजारो दगावले; जे वाचले त्यांत कणा मोडून पायांतले बळ गमावलेलेही होते. भूकंप एकदाच झाला, पण अशी दुखापत झाडावरून वा विहिरीत पडून, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील एखाद्या अपघातात आजही होऊ शकते.

मज्जारज्जूला इजा झाली की हालचाल थांबते, वेदना थांबतेच असे नाही. जिथे स्पर्श कळत नाही, तिथेही आगीसारखी जळजळ होते. पाय आपोआप आखडतात, रात्रीची झोप मोडते. बॅक्लोफेन, गॅबापेंटिनसारखी औषधे अनेकांना उपयोगी पडतात, सर्वांना नाही.

अशा रुग्णांसाठी गांजातील घटकांचा विचार जगभर सुरू आहे. ब्रिटनने २०१० मध्ये गांजापासून बनवलेला तोंडात फवारायचा औषधी फवारा 'मल्टिपल स्क्लेरोसिस'मधील स्नायूंच्या ताठरपणासाठी मान्य केला. कण्याच्या दुखापतीबाबत मात्र पुरावा अजून तोकडा आहे. काहींना आराम पडतो, काहींना केवळ गुंगी व भोवळ येते. चिलमीचा धूर तर औषध नव्हेच. मानेच्या दुखापतीने ज्याचा श्वासच दुबळा झाला आहे, त्याला तो घातक ठरेल.

ही वनस्पती आपल्याला परकी नाही. शार्ङ्गधर संहितेत भांगेचा उल्लेख आहे. आयुर्वेद तिला 'विजया' म्हणतो आणि मात्रेविना ती विष ठरते हेही जाणतो. म्हणूनच परंपरेचा हवाला देऊन मोकाट सूट मागणे जितके चूक, तितकेच नशेच्या भीतीने संशोधनाचे दार बंद करणेही चूक. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही तसे म्हणत नाही. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाचा अपवाद त्याच्या आठव्या कलमातच आहे आणि दहावे कलम लागवडीच्या नियमनाचा अधिकार राज्याला देते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कठोर यादीतून वगळण्याच्या बाजूने भारतानेही मत दिले. जम्मूतील केंद्रीय संशोधन संस्थेत या वनस्पतीवर कामही चालू आहे.

मग हे काम रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला नको काय? धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे वेदना-उपचार कक्ष उभा राहावा. आज उपलब्ध असलेली औषधे गावोगावच्या अपंग रुग्णांना नियमित मिळावीत. ज्यांना ती लागू पडत नाहीत, त्यांच्यासाठी ठरलेल्या मात्रेची, डॉक्टरांच्या देखरेखीखालील चाचणी व्हावी. निष्कर्ष प्रतिकूल आला, तर तो तसाच स्वीकारावा.

गांजाच्या चोरट्या व्यापारावर कारवाई अधिक कडक व्हायलाच हवी. परंतु तस्कर आणि तीस वर्षे खाटेवर पडलेला रुग्ण यांच्यातील फरक ज्या समाजाला कळत नाही, त्याच्या कडकपणाला नीती म्हणता येणार नाही.