माया असेल तर हिशोबही चोख हवा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या गल्लीत एक काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात. भाजणीची चकली खावी तर त्यांच्याच हातची. मी दोन किलो चकल्या सांगितल्या. घेताना सवयीनं म्हटलं, "काकू, काहीतरी कमी करा ना. आम्ही काय परके आहोत का?" काकूंनी पन्नास रुपये कमी केले. वर मी म्हणाले, "पैसे पाडव्यानंतर देते हं." त्या "बरं" म्हणाल्या. प्रत्यक्षात पैसे द्यायला तुळशीचं लग्न उजाडलं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलेली असतानाच किराणा दुकानातला मुलगा दारात आला. तेल-डाळींची उधारी राहिली होती. काकूंनी माझ्या हातून घेतलेले पैसे तसेच त्याच्या हातावर ठेवले. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट चहा टाकला. तो चहा काही केल्या घशाखाली उतरेना.

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपण सगळ्याजणी हेच करतो ना? मोठ्या दुकानात कपड्यावरची चिठ्ठी वाचून मुकाट्यानं पैसे मोजतो आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालतो. ब्लाऊज शिवणारीला म्हणतो, "पुढच्या वेळी एकदमच देते." कामवाल्या बाईंचा पगार पाच तारखेवरून दहावर जातो. आणि हे सगळं कशाच्या नावाखाली, तर "तू घरचीच आहेस" म्हणून! घरचं माणूस म्हणायचं आणि नेमकं त्याचंच पोट मारायचं, ही कसली माया?

धंदा म्हटला की आपल्या मनात दोनच खण असतात. एकात माया, दुसऱ्यात नफा. माया केली तर नुकसान सोसायचं आणि नफा कमवायचा तर मन कोरडं ठेवायचं. मला ही वाटणीच चुकीची वाटते. आणि हे दाखवून देणाऱ्या बायका आपल्याच राज्यात आहेत.

लिज्जत पापड घ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त बायका काम करतात. तिथली प्रत्येक सभासद 'बहीण' आणि मालकीण. नुसतं बहीण म्हणून मात्र भागवलं नाही. सुरुवातीला त्यांना मार्ग दाखवणाऱ्या छगनलाल पारेखांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. कुणाकडून दान-देणगी घ्यायची नाही आणि हिशोब चोख ठेवायचा. पापड खराब निघाला तर बहिणीचा म्हणून चालवून घेत नाहीत. पण चांगला लाटलेला पापड दिला की मजुरीसाठी तिला ताटकळतही ठेवत नाहीत.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. गिरणी कामगारांना त्या आईच्या मायेनं जेवू घालत. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज या बायकांच्या बोकांडी. माया भरपूर, पण हातात काही उरत नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं, बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नुसती हळहळ करण्यापेक्षा ही मदत कितीतरी मोलाची होती.

आणि साताऱ्याकडचं म्हसवड! माणदेशी महिला बँक तिथे १९९७ साली उभी राहिली. पुष्कळ सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी परवानगी नाकारली गेली होती. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, सही करायला शिकल्या आणि परवानगी मिळवली. चेतना सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. बाजारात बसणारी बाई बँकेत गेली तर तिचा धंदा बुडतो. मग बँकेचं माणूसच तिच्यापाशी पैसे गोळा करायला जाऊ लागलं. समोरच्या बाईचा दिवस कसा जातो याचा विचार करणं, याहून वेगळी दया ती कुठली?

कुणी म्हणेल, "अहो, फार चांगलं वागलं की लोक डोक्यावर बसतात." बसतात ना! म्हणूनच विकणाऱ्या मैत्रिणींनाही माझं सांगणं आहे. डबा देता, पोळ्या लाटता, शिवण करता, तर भाव सांगताना ओशाळू नका. एखादी खरंच अडचणीत असेल तर जरूर थांबा, तो तुमच्या मनाचा मोठेपणा. पण रोजचा भाव आणि पैसे द्यायची तारीख आधीच सांगा. उधारी मनात कुढत ठेवली की आधी धंदा जातो आणि मागोमाग नातंही.

आणि घेणाऱ्या आपण? आपल्याला फार काही करायचं नाहीये. कामवाल्या बाईंचा पगार एक तारखेला द्यायचा, त्या एखादा दिवस आजारी पडल्या तर तो कापायचा नाही. भाजीवालीनं मापात टाकलं तर वरून मिरच्या मागायच्या नाहीत. शिवलेलं घेताना पैसे सोबत न्यायचे. यानं आपलं घर बुडत नाही, पण तिच्या घरची चूल वेळेवर पेटते.

यंदा संक्रांतीला काकूंकडे तिळाचे लाडू सांगितले तेव्हा निम्मे पैसे आधीच दिले. भाव केला नाही. काकूंनी नोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं गं, तीळ रोखीनं आणता येतील." लाडू घ्यायला गेले तर वर दोन जास्तच घातले होते. मी न मागता!