फोटो हसरे, हिशेब रडका

मैत्रिणींनो, अमरावतीची माझी धाकटी जाऊ लग्नाचे फोटो काढते. गेल्या वर्षी ऐन दाट तिथीला अकोल्याचं काम तिनं तोंडी कबूल केलं आणि त्यापायी दुसरी दोन सोडली. आयत्या वेळी ते लग्नच पुढं गेलं. हाती छदामही नाही! "ताई, गेलेली तिथी काही वापस येत नाही जी!" म्हणाली.

खरंच आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ बंद. कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालूच.

आता ती निम्मे पैसे आगाऊ घेते. तारीख, तास, अल्बमची पानं कागदावर लिहून दोघांच्या सह्या. बाकी रक्कम अल्बम देण्यापूर्वी. फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून नमुन्यादाखल लावायची परवानगीही ती त्याच कागदात लिहून घेते.

तुमच्या घरी कार्य निघालं आणि फोटोवालीनं सही मागितली, तर रागावू नका हं. तो अविश्वास नव्हे, तिच्या चुलीचा हिशेब आहे. आणि पंगतीत तिचं पान विसरू नका!