बी.कॉम. सोडू नको, खोटी हजेरीही लावू नको

माजलगावच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम म्हणून मला चोवीस वर्षं झाली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले, कॉलेज सुटलं ते सुटलंच. टॅली, जीएसटी रोज हाताखालून जातं, पण कुठलाही फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात अजून बारावीच लिहितो. थोरलीने यंदा सीए इंटरचे दोन्ही ग्रुप काढले आणि म्हणाली, ‘पप्पा, बी.कॉम. सोडते, नुसती सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिप करते.’ माझ्या पोटात गोळाच आला.

तिचं चूक नव्हतं. सीएच्या 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली, पण सुट्ट्या वर्षाला बाराच. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: सेमिस्टरला सहा पेपर, वर्षाला दोन सेमिस्टर, झाल्या बारा. ‘मग मला ताप कधी येऊ द्यायचा?’

तरी मी ऐकलं नाही. 2021 मध्ये यूजीसीने सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं हे खरं, पण ते पूर्ण सीए झालेल्याला. फायनल पहिल्याच झटक्यात निघणारी पोरं थोडी. दोन-चार वर्षं अडकली तर हातात काय? बारावी. एमपीएससीला पदवी लागते, बँकेत अधिकारी व्हायला पदवी लागते.

मात्र कॉलेज आणि ऑफिस दोन्हीकडे नुसतं नाव घालून ठेवायचं, याच्या मी पक्का विरोधात आहे. ओळखीतल्या एका मुलाची आर्टिकलशिप कागदावरच झाली, तो घरी बसून क्लासचे व्हिडिओ बघत राहिला. मुलाखतीत बँकेचा ताळमेळ विचारला तेव्हा त्याला घाम फुटला. गेल्या कापसाच्या हंगामात माझी पोरगी दुकानावर बसली होती. रोजमेळ जुळेना, 340 रुपयांचा फरक. तिने दोन दिवस एकेक हिशोबपट्टी उलटी-सुलटी केली. शेवटी सापडलं: एका शेतकऱ्याची तोलाई दोनदा कापली होती. त्याला फोन करून पैसे परत दिले तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. हे कोणत्या वर्गात शिकवतील?

म्हणून ती आर्टिकलशिपला छत्रपती संभाजीनगरला जाणार, आठवड्याचे 35 तास खरोखर काम करणार. बी.कॉम.ला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नव्याने प्रवेश घेतला. एक वर्ष गेलं तर गेलं. ज्यांच्याकडे काम करणार त्या सीए सरांना आधीच सगळं सांगून फॉर्म 112 भरला, परवानगी घेतली.

विद्यापीठांना माझं एक मागणं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक ठेवलेत. त्यासाठी पोरं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र शोधत दुकानोदुकानी फिरतात, आमच्याकडेही येतात. आणि जी पोरं सीएच्या ऑफिसात दोन वर्षं राबतात, त्यांचं काम पदवीत जमेला धरत नाहीत? मराठवाडा विद्यापीठाने आर्टिकलशिपला हे श्रेयांक थेट द्यावेत आणि वाणिज्यच्या अशा मुलांचे पेपर रविवारी घ्यावेत. तालुक्याच्या गावातल्या पोरांना मग कॉलेज आणि ऑफिस यातलं एक सोडावं लागणार नाही.

तोवर तिच्या बारा सुट्ट्यांतली एकही कुणाच्या लग्नकार्यासाठी मागायची नाही, असं आमच्या घरात ठरलंय. आजीलाही सांगून ठेवलंय.