गल्लीतल्या रस्त्याचं बिल कोणाच्या नावावर?

आमच्या गल्लीत सध्या रस्ता खोदलाय. शेजारचे काका रोज गॅलरीतून विचारतात, "हे कधी संपणार?" पण या कामाला पैसे किती लागतायत आणि ते देतंय कोण, हे कुणीच विचारत नाही. खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं. जर्मनीत हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी नव्या रस्त्याचं बिल थेट घरी येत असे. काही राज्यांत अजूनही येतं.

पद्धत अशी की, गल्लीतला जुना रस्ता नव्याने बांधला की पालिका खर्चाचा मोठा वाटा त्या रस्त्यावरच्या घरमालकांकडून वसूल करते. हमरस्ता असेल तर मालकांचा वाटा कमी, कारण तो सगळं गाव वापरतं. फक्त तिथल्याच रहिवाशांची ये-जा असलेली गल्ली असेल तर वाटा जास्त. मग प्लॉटचा आकार आणि मजले बघून प्रत्येकाची रक्कम ठरते. ती काही हजार युरोंची असते, मोठ्या प्लॉटला तर दहा हजारांच्याही वर जाते.

यामागचा तर्क सोपा आहे. रस्ता चांगला झाला की तुमच्या घराची किंमत वाढते, मग पैसेही तुम्हीच द्या. ऐकायला पटतं. पण पेन्शनवर जगणाऱ्या आजीला घर विकायचंच नसेल, तर ती वाढलेली किंमत तिच्या काय कामाची? बिल मात्र आत्ता भरायचंय.

यात आणखी एक गोम आहे. खड्डे बुजवण्याचा खर्च पालिकेचा, पण रस्ता नवा केला तर मालकांचा. म्हणजे देखभाल टाळायची, रस्ता पार खराब होऊ द्यायचा आणि मग नवा बांधून बिल पाठवायचं, यातच पालिकेचा फायदा, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

निवडणुकीच्या तोंडावर माफी

२०१८ मध्ये बव्हेरियात विधानसभेची निवडणूक होती. 'फ्रायं व्हेलर' या पक्षाने या आकारणीविरोधात सह्यांची मोहीम काढली आणि सत्ताधाऱ्यांनी निवडणुकीआधीच ती रद्द केली. १ जानेवारी २०१८ पासून माफी मिळाली. ज्यांना त्याआधी बिल आलं होतं त्यांची मात्र पंचाईत झाली, म्हणून नंतर त्यांच्यासाठी ५ कोटी युरोंचा मदतनिधी काढावा लागला. २०२४ मध्ये नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियानेही ही आकारणी रद्द केली. मुंबईचं 'सिस्टर सिटी' असलेलं स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये तर ती कधी नव्हतीच.

माफ म्हणजे फुकट नाही

आता आपल्यासारख्या भाड्याने राहणाऱ्यांनी नीट लक्ष द्यायची गोष्ट. रस्त्याचं ते एकरकमी बिल जर्मन घरमालक भाडेकरूच्या माथी मारू शकत नाही. मालमत्ता कर मात्र तो भाडेकरूकडून वसूल करू शकतो. त्यामुळे जिथे पालिकांनी बिल बंद करून मालमत्ता कर वाढवला, तिथे घराची वाढलेली किंमत मालकाची आणि रस्त्याचा खर्च भाडेकरूचा, असा प्रकार झाला. तिकडे शिकायला जाऊन भाड्याच्या खोलीत राहणारे मराठी विद्यार्थीही यातून सुटत नाहीत.

ऱ्हाईनलँड-पॅलाटिनेट राज्याने मधला मार्ग काढला. एकाच गल्लीवर मोठं बिल टाकण्याऐवजी सगळ्या भागातल्या मालकांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे, म्हणजे आज तुमचा रस्ता, उद्या आमचा. २०१४ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. मला हा मार्ग जास्त न्याय्य वाटतो. कुणावर एकदम डोंगर कोसळत नाही आणि पैसे रस्त्यासाठीच दिलेत, हेही दिसत राहतं.

हे दिसणं महत्त्वाचं आहे. खिशातून पाच हजार युरो जाणार म्हटल्यावर माणूस साहजिकच विचारतो, रस्ता खरंच एवढा खराब झालाय का? इतका रुंद कशाला हवाय? आपल्याकडे मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात 'पथकर' अशी एक वेगळी ओळ असते, पण ती वाचतो कोण? रस्ता 'सरकारी पैशातून' होतोय असं आपण म्हणतो आणि विषय संपतो. पैसे आपलेच आहेत हे दिसत नाही, म्हणून तोच रस्ता पुन्हा खोदला तरी आपण फक्त वैतागतो, हिशेब मागत नाही.

आज घरी गेल्यावर मालमत्ता कराचं बिल शोधा आणि त्यात रस्त्याचे किती धरलेत ते बघा. भाड्याने राहत असाल तर घरमालकांना विचारा. मी काल आमचं बिल बघितलं. आता काकांनाही दाखवणार आहे.