पालक हे विश्वस्त, मालक नव्हेत!

अमेरिकेतील रुग्णालयात मुलगा जन्माला आला की, मायलेक घरी जाण्यापूर्वीच आईवडिलांना एक प्रश्न विचारला जातो : बाळाची सुंता करावयाची काय? होकार असेल तर संमतिपत्रावर सही करावयाची. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न चुकत नाही. ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हा विषय कुणाच्या मनालाही शिवला नाही, त्या घराण्यांतील उच्चविद्याविभूषित दांपत्यांपुढे तो अकस्मात उभा ठाकतो. ‘इकडे सगळेच करतात’ एवढ्या एका आधारावर सही करून मोकळे होण्याचा मोह अशा वेळी बळावतो. तो मोह आवरला पाहिजे.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्यू समाजात आठव्या दिवशी होणारी सुंता ही ईश्वराशी झालेल्या कराराची खूण मानली जाते. कोकणातील बेने इस्रायल समाजाने शतकानुशतके ती परंपरा निर्वेधपणे पाळली. मुस्लिम समाजही ती इब्राहिमाची परंपरा म्हणून पाळतो. श्रद्धेतून आलेल्या या संस्कारांची चर्चा हा वेगळा विषय आहे. येथे प्रश्न आहे तो ज्यांचा धर्म हे सांगत नाही, ज्यांची कुलपरंपरा हे जाणत नाही, अशा आईवडिलांचा. ते नेमके कोणाचे अनुकरण करीत आहेत?

या प्रथेचा अमेरिकी इतिहास तपासला तर उत्तर मिळते, आणि ते फारसे गौरवास्पद नाही. १८७० साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद लुईस सेअर यांनी पक्षाघातासारख्या लक्षणांनी पायांतील शक्ती गेलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाची सुंता केली आणि तो त्यामुळे बरा झाला असा दावा केला. पुढे अनेक रोगांवर हाच उपाय सांगितला जाऊ लागला. मक्याच्या पोह्यांच्या न्याहारीमुळे ज्यांचे नाव जगभर गेले त्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तर मुलांची हस्तमैथुनाची सवय मोडण्यासाठी भूल न देता सुंता करावी, वेदनेचा मनावर इष्ट परिणाम होतो, असे लिहून ठेवले! एकोणिसाव्या शतकातील या भ्रामक समजुती वैद्यकशास्त्राने केव्हाच फेकून दिल्या. त्यांच्या आश्रयाने वाढलेली प्रथा मात्र टिकून राहिली.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९४९ साली डॉ. डग्लस गेर्डनर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून दाखवून दिले की, नवजात बालकाची अग्रत्वचा मागे न सरणे हा रोग नसून निसर्गक्रम आहे, बहुसंख्य मुलांत ती वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटी होते. या शस्त्रक्रियेपायी इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी सरासरी सोळा बालके दगावत असल्याचेही त्यांनी नोंदविले. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने नित्याच्या सुंतेचा खर्च उचलला नाही आणि प्रथा झपाट्याने ओसरली. त्यामुळे ब्रिटिश मुलांवर काही संकट कोसळले काय?

समर्थकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. सुंतेने मूत्रमार्गाचा संसर्ग कमी होतो, हे खरे आहे. पण निरोगी मुलांत तो मुळातच विरळा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १११ बालकांची सुंता करावी लागते. आणि हा संसर्ग औषधाने बरा होतो. दुसरा मुद्दा एड्सचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यानुसार शिफारस केली. पण त्या चाचण्या प्रौढ पुरुषांवर, त्यांच्या संमतीने झाल्या होत्या. पाळण्यातील बालकाला हा धोका नसतो. मोठेपणी त्याला हा लाभ हवासा वाटला तर त्याचा मार्ग मोकळाच आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ साली लाभ जोखमीपेक्षा अधिक असल्याचे म्हटले, तरी सर्व नवजातांसाठी शिफारस करण्याइतके ते मोठे नाहीत, हेही त्याच निवेदनात नमूद केले.

आणि वेदनेचे काय? तान्ह्या बाळांना वेदना फारशी जाणवत नाही, असा समज विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होता. १९८७ साली डॉ. कंवलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या वैद्याने आपल्या सहकाऱ्यासह ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शास्त्रीय पुरावे मांडून त्या समजाला हादरा दिला. बाळ बोलू शकत नाही म्हणून त्याला सोसावे लागत नाही, असे मानणाऱ्यांच्या सुशिक्षितपणाला काय म्हणावे?

हिंदू आईवडिलांना याबाबतीत परक्या दारी मार्गदर्शन मागण्याची आवश्यकता नाही. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या नावाने अग्रत्वचेच्या संकोचाचे वर्णन आहे. त्यावर तूप माखलेली नळी घालून, क्रमाक्रमाने अधिक जाड नळी वापरून मार्ग रुंदावण्याचा उपाय सांगितला आहे. छेद द्यावयाचा तर तोही शिवण टाळून. रोग असेल तर उपचार, निरोगी देहावर शस्त्र नाही, हा विवेक त्यात स्पष्ट दिसतो.

‘मग तुम्ही कान का टोचता?’ असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. कर्णवेधातही बाळ रडतेच. परंतु तेथे कोणताही अवयव कापून टाकला जात नाही. न वापरलेले छिद्र बहुधा बुजूनही जाते. कापलेली त्वचा परत येत नाही. ‘मुलगा वडिलांसारखा दिसावा’ हा अमेरिकेतील एक लाडका युक्तिवाद. मराठी घरात तर तो सुंतेच्या विरोधातच जातो!

खुद्द अमेरिकेतही रुग्णालयांत जन्मलेल्या मुलांमधील सुंतेचे प्रमाण १९७९ मधील ६४.५ टक्क्यांवरून २०१० मध्ये ५८.३ टक्क्यांवर उतरले. यजमान ज्या प्रथेचा फेरविचार करीत आहेत, ती पाहुण्यांनी नव्याने अंगीकारावी, याला प्रगती म्हणत नाहीत. वैद्यकीय कारण उद्भवले तर शस्त्रक्रिया जरूर करावी. कारण नसेल तर शांतपणे ‘नको’ म्हणावे. त्यासाठी कुणाची क्षमा मागण्याचे प्रयोजन नाही. अपत्य ही आईवडिलांकडे सोपविलेली ठेव आहे. ठेव जशी आली तशी सांभाळावी आणि ज्याची त्याच्या हाती सोपवावी, हाच विश्वस्ताचा धर्म होय.